जखमेला दूध

नाथाजीनं परत भाकरीचं फडकं सोडलं आणि गुऱ्हाळावरची माणसं एकमेकांकडं बघून हसली.

"आरं, गुळव्याचं पॉट हाय का चुलवाण?" चरकात ऊस लावणारा कोंडीबा म्हणाला. "सारकं काय ना काय घालावंच लागतंय."

रस उकळायच्या काहिलीकडं पाठ करून नाथाजी पिळलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगाआड बसला आणि भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला. चव कुणाला हवी होती. बेंबीच्या वर बोटभर जागेत निखारा ठेवल्यासारखं जळायचं, ते घास खाली उतरला की घटकाभर थांबायचं. पोट रिकामं झालं की पुन्हा तेच. दिवाळीला गुऱ्हाळ लागल्यापासून हे चाललं होतं. लोकांना काय, त्यांना वाटायचं गडी हावरा झाला. घरात भाकरीच्या टोपलीला हात घालताना बायको बघायची, रानात हे लोक बघायचे. मागल्या आठवड्यात तर कोंडीबाच्या फडक्यातली अर्धी भाकरी कमी झाली होती. कुणी घेतली ते कोंडीबाला ठाऊक होतं आणि कोंडीबाला ठाऊक आहे हे नाथाजीला ठाऊक होतं. त्या दिवसापासून नाथाजी त्याच्याशी मान वर करून बोलला नव्हता.

असा हा माणूस, पण काहिलीवर बसला की उंब्रजच्या बाजारात त्याच्या गुळाला नाव होतं. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा जीव. रस उकळला की वरची मळी कधी काढायची, पाक कधी झाला, काहील कधी उतरवायची, हे तो सांगणार. थोडं आधी उतरवली तर गूळ लिबलिबीत, थोडं उशिरा उतरवली तर काळा. मळेवाला लालासाहेब स्वतः त्याच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा.

आणि त्या दुपारी नेमका पाक चढत आला असताना नाथाजी पोट धरून खाली बसला. घाम फुटला, डोळे मिटले, तोंडातून शब्द निघेना. काहील उतरवायला टपून बसलेले गडी त्याच्या तोंडाकडं बघतायत आणि हा मातीत कपाळ टेकून पडलेला. करपल्याचा वास सुटला तेव्हा लालासाहेबच ओरडला, "उतरवा." गडी धावले, पण व्हायचं ते झालं होतं. सगळा गूळ काळाठिक्कर.

लालासाहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाजही चढवला नाही. "नाथाजी," तो म्हणाला, "उद्यापासनं जोतीराम बसंल काहिलीवर. तू बरा हो आदी."

काहिलीखालच्या चुलवाणात चिपाड टाकणारा मानसिंग, नाथाजीचा धाकटा भाऊ, लंगडत पुढं आला. लढाई संपली तेव्हा पलटणीतून पाय फुटून परत आलेला हा गडी. त्यानं भावाला उठवून बसवलं आणि म्हणाला, "दादा, आता बास. उद्या कराडच्या डाक्टराकडं जायाचं. वैनीलाबी संगं घिऊ."

"पोटात दुकतंय म्हनून डाक्टर?"

"मंग काय मेल्यावर जायाचं?" मानसिंग म्हणाला. पलटणीत राहून आल्यापासून तो असं तोडून बोलायचा.

*

कराडच्या चिंतामण डॉक्टरांनी नाथाजीला बाकावर उताणं निजवलं, पोट दाबून पाहिलं. बेंबीच्या वर बोट टेकलं तसा नाथाजी कळवळला.

"इथंच दुखतं?"

"व्हय."

"काही खाल्लं की बरं वाटतं?"

नाथाजीनं मान फिरवली. बायको साळूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिच्यासमोर हे बोलायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाटतंय," तो म्हणाला.

"पोट रिकामं झालं की परत कळ येते. खरं ना? मग लाजायचं काय त्यात. हा हावरेपणा नव्हे, आजार आहे."

हे ऐकलं आणि साळूबाईला रडू आलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. कारण चारच दिवसांपूर्वी टोपलीतली उरलेली भाकरी त्याच्या हातातून काढून घेत ती म्हणाली होती, 'लोकं काय म्हनत्यात, जरा कान उगडं ठिवून ऐका.' तो तसाच भिंतीकडं तोंड करून पडला होता. ते आता तिला आठवलं.

डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून नीट सांगितलं. पोटाच्या आत जखम झाली आहे. अल्सर म्हणतात तिला. अन्न पचवायला पोटात एक जहाल आंबट रस सुटतो. पोट रिकामं असलं की तो रस सरळ जखमेवर पडतो, म्हणून जळतं. वर काही खाल्लं की त्याचा जोर मोडतो, म्हणून बरं वाटतं. यावर उपाय म्हणजे दर दोन तासांनी पेलाभर दूध. ही पांढरी भुकटी पाण्यातून घ्यायची. तिखट, तंबाखू, चहा बंद. आणि दीडेक महिना अंथरुणावर पडून राहायचं, काहिलीजवळ फिरकायचं नाही.

"भरंल का वो जखम?" साळूबाईनं विचारलं.

"भरेल. दुधावर पुष्कळ जण बरे होतात. नाहीच भरली तर मग मिरजेला नेऊन पोट उघडावं लागेल, पण ते पुढचं. आणि एक लक्षात ठेवा, रक्त पडलं, ओकारीत म्हणा, परसाकडला म्हणा, तर तिथं थांबायचं नाही. गाडी जुंपायची आणि इकडं यायचं."

परतताना मोटारीत साळूबाई नवऱ्याच्या शेजारी बसली होती. किती दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. घरात म्हैस नुकतीच व्यालेली. दोन्ही वेळचं दूध चरवी भरून निघत होतं. देवानं रोग दिला तो दूध पाजून बरा होणारा दिला, असं तिला वाटलं, आणि तिनं ते नाथाजीला सांगितलंही. तो हसला.

*

घरी नाथाजीची आई बनुबाई अंगणात जोंधळं पाखडत बसली होती.

या म्हातारीबद्दल आधी सांगायला हवं. कुणाच्या पायावर कुऱ्हाड पडो, कुणाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून ठणका लागो, बैलाचा खांदा जुवानं सोलून निघो, चार वस्त्यांवरनं माणसं बनुबाईला बोलवायला यायची. कडूनिंबाच्या पाण्यानं धुवायची, हळद भरायची, आणि पथ्य सांगायची. तिचं पथ्य पहिल्यापासून एकच होतं. जखम आहे तोवर दूध बंद, भात बंद, आंबट बंद. दुधानं जखमेत पू धरतो. हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि असल्या गोष्टी सासूनं सांगितल्या की त्या पुन्हा तपासायच्या नसतात. तरी तिनं त्या तपासल्या होत्या. मानसिंग लढाईवरनं आला तेव्हा त्याच्या पोटरीतून पू थांबत नव्हता. तिकडच्या हॉस्पिटलात त्याला दूध आणि पाव देत होते. बनुबाईनं दूध तोडलं, कोरड्या भाकरीवर ठेवला, रोज आपल्या हातानं पाय धुतला, आणि पाय भरून आला. तो वण आजही सगळ्यांना दिसत होता. आता बनुबाईला नावं ठेवणं सोपं आहे. ठेवा खुशाल. पण तो वण बघून तुम्हीसुद्धा तिचंच ऐकलं असतं.

"जखम हाय म्हनला?" तिनं विचारलं.

"व्हय आत्याबाई, पोटाच्या आत," साळूबाई म्हणाली.

"आन् त्येला काय द्या म्हनला?"

"दूध. दर दोन तासाला."

बनुबाईनं सूप खाली ठेवलं.

"जखमंला दूध?"

"आयं, ही आतली जखम हाय," मानसिंग म्हणाला. "भायेरची न्हवं. डाक्टर शिकल्याला माणूस हाय."

"आतली आसू दे न्हाईतर भायेरची, मास त्ये मासच. तुज्या पायाला शिकल्याली न्हवती का? मोट्या सायबांनी बगितला हुता न्हवं? दूध पाजत हुती तवर पू थांबला हुता का, सांग."

मानसिंगनं पोटरीकडं पाहिलं. "न्हवता," तो म्हणाला.

"मंग भायेरची जखम धुवाया तरी येती. आतली कोन धुनार हाय? तितं पू झाला तर जाईल कुटनं?"

साळूबाई धीर करून म्हणाली, "पर त्ये म्हनत हुतं, दूध चुकवायचं न्हाई."

"माजा ल्योक हाय त्यो, साळू. मला काय त्येचं वंगाळ करायचं हाय?"

आता नाथाजीनंच काही बोलायला हवं होतं. तो उंबऱ्यावर पोट दाबून बसला होता. लहानपणी विळा लागून त्याचा दंड चिरला होता तो याच आईनं बरा केला होता. त्यानं दंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आय म्हनती तसं करू. भुकटी हाय की, ती घेतो."

झालं. नाथाजीची खाट गोठ्याच्या सोप्यात टाकली. सकाळी अनशापोटी कडूनिंबाचा पेलाभर रस, दुपारी एक कोरडी भाकरी आणि मुगाचं पातळ कढण, सांजेला तेच. मधे काही खायचं नाही, जखमेला लंघन चांगलं. दुधाचं दही लागत होतं, ताक घुसळलं जात होतं, आणि लोण्याचं तूप कढवून बनुबाई गाडग्यात साठवत होती. "जखम भरली की हे समदं त्येलाच," ती म्हणायची. आपल्या ताटात तिनं त्यातला थेंब घेतला नाही.

रिकाम्या पोटी नाथाजी खाटेवर गुडघे छातीशी घेऊन पडायचा. खाटेचा काथ्या दातांत धरायचा. भाकरीची टोपली पलीकडच्या खोलीत होती आणि ती तिथं आहे हे त्याला पडल्या पडल्या वासानं कळायचं. भुकटी घेतली की जरा बरं वाटायचं, पण ती पुडीही रोज खाली जात होती.

*

धार साळूबाई काढायची. एका संध्याकाळी बनुबाई जोतिबाच्या देवळात दिवा लावायला गेली होती. साळूबाई म्हशीखाली बसली होती, चरवीत धार वाजत होती, आणि मागं खाटेवर नवरा कण्हत होता. तिला ते सहन होईना. तिनं तांब्या भरला आणि तसाच त्याच्या तोंडाला लावला.

"प्या."

"आय?"

"देवळात गेल्यात. प्या मुकाट्यानं."

नाथाजी प्यायला. निम्मं मिशीवरनं गळ्यात सांडलं. मग तो डोळे मिटून पडला, आणि बघता बघता त्याचे गुडघे सुटले, पाय लांब झाले. दिवेलागणीला तो झोपला होता. साळूबाई रिकामा तांब्या तसाच हातात धरून त्याच्याकडं बघत उभी राहिली. तिला मोठ्यानं कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण सांगायचं कुणाला?

मग रोजचंच ठरलं. सकाळची धार, संध्याकाळची धार, आणि दुपारी बनुबाई कुणाची जखम बघायला गेली तर तेव्हाही. म्हशीला वैरण घालायच्या निमित्तानं ती पदराआड तांब्या आणायची. चरवीत दूध कमी भरायला लागलं तेव्हा "रेडकू लय पितंय" म्हणून तिनं सांगितलं. बिचाऱ्या रेडकाच्या नावावर सगळं खपत होतं.

नाथाजीच्या गालावर जरा तकाकी आली. एकदा तो म्हणाला, "काय तरी दैव बग. माजाच गोठा, माजीच म्हस, आन् म्या चोरावाणी दूध पितोय."

"गप बसा. हसू नका, आयकू जाईल."

"होळीच्या आत काहिलीवर बसतो का न्हाई बग. जोतीरामाला गूळ जमत न्हाई. काल वासावरनं कळलं मला."

साळूबाईनं त्याच्या मिशीवरचं दूध पदरानं पुसलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं दोघांचंच काही त्यांना कधी मिळालं नव्हतं. त्या दिवसांत ती सुखात होती.

आणि मग ती सकाळ आली. साळूबाईनं पहाटेच्या धारेचं दूध त्याला पाजलं. थोड्या वेळानं बनुबाई नेहमीसारखी कडूनिंबाचा रस घेऊन आली. पोट भरलेलं, त्यावर तो कडू जहर रस. नाथाजीनं नाक धरून तो गिळला, आणि अंगणापर्यंत जायच्या आत भडभडून ओकला.

बनुबाई वाकली. पांढरं, गाठीगाठीचं, वरून हिरवट पिवळं, आंबूस घाणीचं ते जमिनीवर पसरलं होतं. तिनं काडीनं एक गाठ हलवून पाहिली आणि काडी टाकून दिली.

"पू," ती म्हणाली. "मानसिंग, बग रं. पूच हाय न्हवं?"

मानसिंगही वाकला. त्याच्या पोटरीतून महिनोन्‌महिने जे आलं होतं ते असंच दिसायचं.

तान्हं पोर दूध ओकतं ते गाठीगाठीचंच असतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं? दोन्ही बायका दुधातुपात वाढलेल्या. पण भ्यालेल्या माणसाला तो ज्याला भ्यालेला असतो तेच दिसतं. साळूबाईलासुद्धा तेच दिसलं. आपण दूध पाजलंय हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच तिला सगळ्यांपेक्षा जास्त खात्री पटली. तिनं सासूचे पाय धरले.

"आत्याबाई, म्या दूध दिलं त्येस्नी. रोज दिलं. चोरून."

बनुबाईनं तिला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. "का गं पोरी," ती म्हणाली. "मला इच्यारायचं तरी हुतंस."

त्यापुढं साळूबाईनं तांब्याला हात लावला नाही.

*

नंतरचे दिवस वाईट गेले. भुकटी संपली. मानसिंग कराडला जातो म्हणाला, पण ज्या डॉक्टरानं दूध सांगून हे केलं त्याची भुकटी आता बनुबाईला नको होती. भाकरीसुद्धा अर्धी झाली. नाथाजी वाळला. त्याच्या पोटाची कातडी पाठीला लागली. साळूबाई त्याच्या खाटेजवळ येईनाशी झाली. वैरण टाकायची, शेण काढायची आणि खाली मान घालून जायची. एकदा त्यानं तिचा पदर धरला आणि हळूच म्हणाला, "उलीसं दूध दे. कोन बगत न्हाई." तिनं पदर सोडवून घेतला आणि गोठ्यामागं जाऊन रडली.

एका सकाळी नाथाजी रानातून परसाकडचा तांब्या घेऊन परत आला तो सरळ चालत आला. पोटावर हात नव्हता.

"आयं," तो म्हणाला, "कळ थांबली."

बनुबाईच्या हातातलं काम गळलं. "थांबली? समदी?"

"समदी. कालपासनं काळंभोर पडतंय. डांबरावाणी. आन् पडाया लागल्यापासनं कळच न्हाई."

मानसिंगनं विचारलं, "दादा, रक्त तर न्हाई न्हवं? डाक्टर म्हनला हुता, रक्त पडलं तर या म्हनून."

"न्हाई रं. रक्त मला कळत न्हाई व्हय? ह्ये काळं हाय."

"गळू फुटलं," बनुबाई म्हणाली. "ठणकतंय ठणकतंय, आन् फुटलं की आदी काळं जातं न्हवं का? घान गेली माज्या ल्येकाची."

ती तशीच उठून जोतिबाला नारळ ठेवायला गेली. साळूबाई चुलीपुढं बसली होती. आपण केलेलं पाप धुवून निघालं असं तिला वाटलं. तिनं नाथाजीकडं किती दिवसांनी मान वर करून पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते, नखं पांढरी पडली होती. लंघनानं झालं असेल, ती मनात म्हणाली, आता खाऊ घातलं की येईल रंग.

दुसऱ्या दिवशी नाथाजी गुऱ्हाळावर गेला. नको म्हणून कुणी कुणी सांगितलं, पण कळ थांबलेल्या माणसाला घरात बसवत नाही. लालासाहेबानं त्याला बघितलं आणि जोतीरामाला खूण केली. जोतीराम मुकाट्यानं बाजूला झाला. बांधावरनं येताना नाथाजी वाटेत दोनदा बसला होता, हे मानसिंगनं कुणाला सांगितलं नाही.

काहिलीत रस उकळत होता. नाथाजीनं मळी वर यावी म्हणून भेंडीचं पाणी टाकायला लावलं, मळी काढून घेतली. कोंडीबा चरक सोडून त्याच्याजवळ आला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती.

"घे," तो म्हणाला. "तुज्यासाटनं जादाची आनली."

नाथाजीनं त्याच्याकडं पाहिलं, नीट पाहिलं. "आता न्हाई लागत गड्या," तो म्हणाला. "भूकच न्हाई. पर ठिव हितं."

पाक चढला. नाथाजीनं बोटानं थेंब उचलून पाण्यात सोडला, त्याची गोळी करून बघितली, थोडा थांबला, परत बघितली. मग म्हणाला, "उतरवा." गड्यांनी काहील उचलून गूळ निवायच्या वाफ्यात ओतली. गूळ सोनेरी पडला होता. लालासाहेब हसला आणि काहीतरी चांगलं बोलायला वळला, तर नाथाजी वाफ्याच्या कडेला हात टेकून बसलेला. त्यानं तोंड उघडलं आणि काकवीसारखं काळं, घट्ट असं त्याच्या तोंडातून पडलं. मग त्यात लाल दिसलं.

*

लालासाहेबाची छकडी होती, कोंडीबानं बैल पळवले. मानसिंग भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. नाथाजी पाणी मागत होता, मग मागायचा थांबला. कराडची घरं दिसायला लागली तेव्हा मानसिंग म्हणाला, "कोंडीबा, आता बैलं हळू चालू दे." कोंडीबानं मागं वळून बघितलं नाही.

तरी ते डॉक्टरांच्या दारात गेलेच. चिंतामण डॉक्टर छकडीवर चढले, पापणी उचलून पाहिली, मनगट धरलं आणि खाली उतरले.

"दूध चालू होतं?"

"मदी थोडं दिस घेटलं," मानसिंग म्हणाला. "वैनीनं चोरून दिलं. तवा बरं वाटत हुतं त्येला. मंग बंद केलं."

"बंद? का?"

"पू ओकला. पांढरा, गाठीचा."

"अरे, ते दूध होतं. पोटात गेलं की दुधाच्या गाठी होतात." डॉक्टरांचा आवाज चढला आणि मग उतरला. "काळं पडत होतं का?"

"व्हय. पर त्ये रक्त न्हवतं."

"रक्तच. पोटात राहून ते काळं होतं. मी हे सांगायला हवं होतं त्या दिवशी."

मानसिंग छकडीच्या चाकाला धरून उभा होता. "मंग सायेब, कळ कशी थांबली?"

"पोटात रक्त भरलं ना. भाकरीनं थांबायची तशी रक्तानं थांबली."

मानसिंगनं विचारलं, "म्हंजी वैनीनं दिलं त्येच बरूबर हुतं?"

"तेच औषध होतं," डॉक्टर म्हणाले.

परतीची सगळी वाट मानसिंग छकडीमागून चालत आला. कोंडीबानं बस म्हटलं तरी बसला नाही. घराच्या दारात बनुबाई उभी होती. छकडी बघून तिला जे कळायचं ते कळलं. पुष्कळ वेळानं, रडणं ओसरल्यावर, तिनं विचारलं, "डाक्टर काय म्हनला रं?"

"उशीर झाला म्हनला," मानसिंग म्हणाला.

गाडग्यातलं तूप त्याच सांजेला चितेवर गेलं.

*

माणसं भेटायला येत होती. बनुबाई सगळ्यांना एकच सांगायची, आत पू झाला, दुधाचं पथ्य मोडलं. कुणी मोडलं ते तिनं कुणालाही सांगितलं नाही. "म्याच ध्यान ठिवलं न्हाई," म्हणायची आणि कपाळ बडवायची. साळूबाई कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून ते ऐकायची. म्हैस ओरडली तरी ती उठत नव्हती. धार मानसिंग काढायचा.

वैनीला सांगावं म्हणून तो दोनदा तिच्यापुढं जाऊन बसला. तुझं चुकलं नाही, एवढंच तर सांगायचं होतं. पण मग चुकलं कुणाचं, हे ती विचारणार. आणि ते कळल्यावर त्या दोघींनी एका चुलीपुढं बसून जन्म कसा काढायचा? ज्या हातांनी आपला पाय धुतला त्या हातांनी दादाला मारलं, हे आईला कसं सांगायचं? दोन्ही वेळा तो पाणी पिऊन उठून गेला.

तिसऱ्या दिवशी नदीकाठी राख सावडली. भावकी जमली होती, बायाही आल्या होत्या. नैवेद्याला भाकरी ठेवली, गूळ ठेवला. कोंडीबानं वाफ्यातल्या त्या शेवटच्या सोनेरी गुळाची ढेप फोडून आणली होती. मग भावकीतल्या म्हाताऱ्यानं दुधाची चरवी साळूबाईपुढं केली.

"घाल पोरी. राखंवर दूध घाल."

साळूबाई मागं सरली. दोन्ही हात तिनं पदरात लपवले.

"माज्या हातानं नगं," ती म्हणाली. "म्या पाजलं त्येवढं बास झालं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मानसिंगच्या तोंडाशी शब्द आला. तो एक पाऊल पुढं झाला, आणि तेवढ्यात बनुबाईनं सुनेला जवळ ओढलं. साळूबाईनं तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. तशीच तिला एका हातानं धरून बनुबाईनं दुसऱ्या हातानं चरवी घेतली आणि राखेवर ओतायला लागली.

"पी रं माज्या बाळा," ती म्हणत होती. "आता जखम न्हाई. आता पी पॉटभर."

मानसिंगनं खाली बघितलं. राख दूध पीत होती. तो चरवी रिकामी होईपर्यंत थांबला, मग आईच्या हातातून ती घेऊन नदीवर धुवायला गेला.